तरणतलावाची वाटणी

तरणतलावाची वाटणी झाली तेव्हा खोल बाजू थोरल्याला गेली आणि उथळ बाजू धाकट्याला. वाटणी म्हातारीनं केली. तिला काठावर खुर्ची टाकून बसवलं होतं, हातात छत्री दिली होती, आणि तिनं छत्रीच्या टोकानं हवेतच एक रेघ ओढली. ती रेघ नेमकी कुठून कुठे गेली यावरून दोन्ही भावांचं तिथंच वाजलं, आणि त्या दुपारपासून त्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

तलावात पाणी नव्हतं, पोहायला माणसंही नव्हती. कंपनीनं समुद्रकाठी अख्खं गाव उभं केलं होतं. एका अंगाला हॉटेलं, दुसऱ्या अंगाला दुकानं, आणि मधल्या चौकात सिमेंटचा भलामोठा ऑक्टोपस, त्याच्या पायांवरून पोरांनी घसरायचं. मग होड्यांसाठी म्हणून कंपनीनं दगडी धक्का बांधला. समुद्राला काय राग आला कुणास ठाऊक, त्यानं किनाऱ्यावरची सगळी वाळू उचलली आणि धक्क्याच्या पलीकडे नेऊन टाकली. अलीकडे उरला काळा चिखल आणि कुजक्या शेवाळाचा वास. पाहुणे एक हंगाम नाक धरून आले, पुढच्या हंगामाला आलेच नाहीत. कंपनीची माणसं गेली, दुकानदार गेले, डॉक्टर गेला, आणि शेवटी चोरसुद्धा येईनासे झाले, कारण न्यायला काही उरलं नव्हतं.

ज्यांना जायला दुसरी जागा नव्हती ती मोजकी घरं राहिली. त्यांतलंच हे एक. थोरला हॉटेलच्या तरणतलावावर राखणदार होता. गळ्यात शिट्टी अडकवून उंच खुर्चीत बसायचा. धाकटा माळी. म्हातारी धुलाईखान्यात चादरींचा हिशेब बघायची. थोरली सून पुढच्या काउंटरवर, आलेल्याचं हसून स्वागत करायला, आणि धाकटी सून मागच्या बाजूला इस्त्रीवर. पगार थांबला, पण ‘आता निघा’ असं कुणी म्हणालं नाही, आणि किल्ल्या यांच्याकडेच राहिल्या. मग हे सगळे नोकरांच्या खोल्या सोडून तळमजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोल्यांत राहायला आले. थोरल्यानं समुद्राकडची खोली घेतली, धाकट्याला बागेकडची मिळाली. म्हातारीनं लॉबीतला लांब सोफा धरला. तिथून दोन्ही खोल्यांची दारं दिसत.

पोट भरत होतं ते हॉटेलामागच्या बागेवर. धाकटा तिथं भाजी काढायचा आणि दुपारच्या बसनं आतल्या गावच्या बाजारात नेऊन विकायचा. थोरला रिकाम्या इमारतींची राखण करायचा. राखण म्हणजे काय, तर फेरी मारून त्या अजून उभ्या आहेत एवढं बघून यायचं. पण त्या वर्षी उन्हाळ्यात खारा वारा सुटला तो थांबेचना. रोज सकाळी पानांवर मीठ बसलेलं असायचं. आधी कोबी करपला, मग मिरच्या, मग वांग्यांची झाडं पानं गळून नुसत्या काड्या होऊन उभी राहिली. धाकटी पहाटे उठून फडक्यानं एकेक पान पुसायची. नवरा म्हणायचा, कशाला हात दुखवून घेतेस. पण दुसऱ्या दिवशी तोही फडकं घेऊन यायचा.

अशात कुणाच्या तरी ध्यानात आलं की तरणतलाव जमिनीत खोल आहे, वारा त्याच्या डोक्यावरून जातो. ‘कुणाच्या तरी’ असंच म्हणायला हवं, कारण ते आधी आपल्याला सुचलं असं दोन्ही भाऊ शपथेवर सांगत. धाकट्याला तिथं माती भरून भाजी लावायची होती. थोरल्याला पाणी भरून मासे पाळायचे होते. तलाव एका बाजूला छातीभर आणि दुसऱ्या बाजूला दोन पुरुष खोल, म्हणून म्हातारीनं छत्री उचलली.

माती आणायची म्हणजे टेकडीपलीकडे, सुकलेल्या ओढ्याच्या पात्रातून. हातगाडी होती तिचं चाक कधीच गंजून पडलं होतं. मग धाकटीला पाहुण्यांच्या सामानाची ट्रॉली आठवली. चार चाकांची, वर पितळी कमान, कमानीला कोट टांगायचे आकडे. धुलाईच्या गोण्या मातीनं भरायच्या, ट्रॉलीवर रचायच्या आणि टेकडी चढवून आणायच्या. चढाला ती कमानीला दोर बांधून ओढायची आणि नवरा मागून ढकलायचा; उताराला ती पुढे होऊन पाठीनं अडवायची. ती चाकं गुळगुळीत फरशीवर चालायला केलेली. खडीवर ती अशी किंचाळायची की उरलेल्या सगळ्या घरांतून माणसं बाहेर येऊन बघायची. ऑक्टोपसाच्या सावलीत आइस्क्रीमवाला बसलेला असायचा. आइस्क्रीम जाऊन वर्षं लोटली होती, सवय गेली नव्हती. तो रोज विचारायचा, ‘आज कुठल्या खोलीचे पाहुणे?’ पहिल्या दिवशी धाकटी हसली. पुढे पुढे तिनं मान वळवणंही सोडलं. तिच्या खांद्यावर दोराचा वळ उठला होता, आणि संध्याकाळी केस विंचरायला हात वर जात नव्हता.

थोरली व्हरांड्यात उभी राहून हे बघायची. काउंटरवरची नोकरी गेली तरी तिनं काउंटर सोडलं नव्हतं. केस चापूनचोपून बांधलेले, कपड्याला इस्त्री, आणि बोलणं असं की कुणी आत्ताच दूरच्या प्रवासातून उतरलं आहे. ‘जरा डावीकडून घेतलीस तर सोयीचं होईल,’ ती वरून सांगायची. धाकटी डावीकडून घ्यायची, चाक खड्ड्यात जायचं, आणि थोरली म्हणायची, ‘तिथं खड्डा आहे हो.’

मातीचा थर चढत गेला. मधली भिंत धाकट्यानं कपडे बदलायच्या खोल्या पाडून, त्यांच्या विटांनी बांधली. सिमेंट जेमतेम होतं, बाकी चिखलच. तिकडे थोरल्यानं दिवसभर इंजिन चालवून खोल बाजू भरायला घेतली आणि आतल्या गावाहून माशांची पिल्लं पाण्याच्या पिशवीत आणली. बसमध्ये कंडक्टरला त्यानं ते औषध आहे म्हणून सांगितलं होतं.

त्या इंजिनानं मोठीच पंचाईत केली होती. विहिरीवरचं ते जुनं धूड एकट्यानं सुरू होत नसे. एकानं खटका दाबून धरायचा, दुसऱ्यानं हँडल फिरवायचं, आणि वेग आला की पहिल्यानं नेमक्या क्षणी खटका सोडायचा. हा क्षण सांगायला ‘सोड’ म्हणावं लागतं. पण भावांचं बोलणं बंद. मग थोरला हँडल फिरवता फिरवता खाकरायचा आणि धाकटा खटका सोडायचा. एकदा थोरल्याला सर्दी झाली. त्या सकाळी पाणी मिळायला ऊन डोक्यावर आलं.

बाकीचं सगळं बोलणं म्हातारीमार्फत चालायचं. जेवायला पाचही जण लॉबीत एकाच टेबलाला बसत. थोरला आईकडे बघून म्हणायचा, त्याला सांग, तुझ्या कोंबड्या माझ्या काठावर येतात. धाकटा हाताच्या अंतरावर बसलेला. तो भाताकडे बघत राहायचा. म्हातारी घास गिळायची, पाणी प्यायची, आणि मग धाकट्याकडे वळून सांगायची, ‘थोरला म्हणतो, कोंबड्या झोकात फिरतात तुझ्या.’ असं समोरासमोर बदललं की कुणी काही बोलत नसे; दोघांनाही ऐकू आलेलंच असायचं. पण सगळे निरोप टेबलावर होत नसत. बरेचसे सोफ्याजवळ होत. एकेक मुलगा वेगळा येऊन बसायचा, आईच्या पायाशी मन मोकळं करायचा आणि जायचा. म्हातारीचे गुडघे दुखायचे, डोळ्यांना कमी दिसायचं, आणि इतक्या वर्षांत मुलं कधी अशी तिच्याजवळ येऊन बसली नव्हती. धाकटी काउंटरमागे कांदे निवडत असायची. तिच्या हे लक्षात आलं होतं की सासूबाईंची तब्येत वाटणीपासून सुधारली आहे.

बी रुजलं. टोमॅटो गुडघ्याला लागले, कोबीनं गड्डे धरले. निळ्या फरशांच्या चौकटीत ती हिरवळ इतकी देखणी दिसायची की आइस्क्रीमवाला मुद्दाम बघायला आला, आणि त्या दिवशी पाहुण्यांचं काही बोलला नाही. पलीकडे मासेही बोटाचे वीत झाले. त्यांना खाऊ घालायचं काम थोरलीकडे आलं होतं. धाकटीनं तिला एकदा पाहिलं. खोल काठावर उभी राहून, एका हातानं नाक दाबून, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कोंडा टाकत होती. नंतर बराच वेळ नळाखाली हात घासत होती. धाकटीला जरा बरंच वाटलं. खांद्यावरचा वळ अजून काळाच होता.

उन्हानं पाणी आटू लागलं तशी थोरल्याला माशांची काळजी वाटायला लागली आणि त्यानं इंजिन जास्त वेळ चालवून पातळी वर चढवली. भिंतीच्या अलीकडची माती ओली दिसायला लागली. धाकटा खूश झाला. फुकटात पाणी मिळतंय म्हणाला.

मग एका सकाळी, धाकटी टोमॅटोला काठ्या बांधत असताना, भिंत खोकल्यासारखा आवाज करून थांबली. धाकटीनं वर बघितलं. भिंत पुन्हा खोकली, मधोमध फुगली आणि आडवी झाली. पाण्याचा लोंढा तिच्या कमरेला येऊन आदळला तशी ती बसली, आणि बसल्या जागेवरून मातीवर घसरत पायऱ्यांपर्यंत गेली. डोळे पुसून बघते तर टोमॅटोच्या रांगांमधून मासे चालले होते. काही पाण्याबरोबर उड्या मारत होते, काही कोबीत अडकून शेपट्या आपटत होते.

तिच्या ओरडण्यानं दोघे भाऊ दोन बाजूंनी धावत आले आणि चपलांसकट आत उतरले. चिखल गुडघ्यापर्यंत. धाकट्यानं एक मोठा मासा उराशी कवटाळला, तो निसटला, पुन्हा धरला, पुन्हा निसटला. थोरल्याला बघवेना.

‘शेपटीकडून नको,’ तो म्हणाला. ‘डोक्याकडून धर.’

‘धरलाय,’ धाकटा म्हणाला.

कित्येक महिन्यांनंतरचं ते पहिलं बोलणं. पण ते कुणाच्या ध्यानात यायला सवड नव्हती. बादल्या आणल्या, गोण्या आणल्या, धाकटीनं डोक्याचा फडका सोडून त्यात मासे बांधले. थोरली काठावरून सांगत होती, तो बघा तिकडे, तो भोपळ्याखाली. कुणी तिचं ऐकत नव्हतं म्हणून ती दाखवायला एक पाऊल पुढे आली. काठ ओला होता. इस्त्रीच्या कपड्यांत, हात पुढे केलेला तसाच ठेवून, ती उताराच्या फरशीवरून सावकाश घसरत खाली आली आणि कोबीच्या गड्ड्यावर बसली. क्षणभर ती तिथंच, अगदी सरळ, काउंटरमागे बसायची तशी बसून राहिली. धाकटी हसली. आधी नाकातून हसली, मग तिला आवरेना, आणि ती कमरेत वाकून, मासे बांधलेला फडका पोटाशी धरून हसत राहिली.

मासे बहुतेक हाती लागले. ते ठेवायचे कुठे, तर खोल्यांतल्या टबांत. वरच्या मजल्यापर्यंत बादल्या गेल्या. प्रत्येक न्हाणीघरात एक टब, आणि प्रत्येक टबात चारदोन मासे. मग भाऊ चिखलात समोरासमोर उभे राहिले आणि आता बोलणं सुरू झालंच आहे तर भांडावं असं दोघांनाही वाटलं.

‘तुला निरोप पाठवला होता,’ थोरला म्हणाला. ‘भिंत ओली दिसते, मागून टेकू लाव, मी पाणी वाढवतोय. आईजवळ सांगितलं होतं.’

‘मला आई म्हणाली, दादाला भिंत फार आवडली. अशी भिंत कंपनीलाही जमली नसती, म्हणालास.’

‘मी?’

‘मला पण नवल वाटलं होतं.’

दोघांनी वर पाहिलं. म्हातारी काठावर छत्री घेऊन उभी होती. तिनं एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. ‘त्यानं एवढ्या कष्टानं बांधलेली,’ ती म्हणाली, ‘त्याला काय वाटलं असतं?’ आणि उन्हानं चक्कर येते असं सांगून ती सोफ्याकडे निघून गेली.

खरा बार मात्र अजून उडायचा होता. थोरली चिखलानं माखलेली, कुणाशी न बोलता अंघोळीला गेली. खोलीत गेली, दार लावलं, टबाजवळ गेली आणि तिला टबातून तीन मासे तिच्याकडे बघताना दिसले. सगळ्यांत मोठे तीन. थोरल्यानं मुद्दाम नजरेसमोर राहावेत म्हणून आपल्याच न्हाणीघरात ठेवले होते. थोरली बाहेर आली ती हातपाय फडक्यानं पुसून, बॅग भरूनच. लॉबीतून जाताना तिनं सासूला सांगितलं की मी भावाकडे जाते आणि परत येणार नाही. म्हातारीनं विचारलं, हे थोरल्याला सांगू का. थोरली म्हणाली, जसं सांगायचं तसं सांगा.

धाकटीनं तिला फाटकाबाहेर पडताना बघितलं. ही जाऊ कुठंतरी कायमची जावी असं तिला कितीदा वाटलं होतं, विशेषतः चढावर. आज ती चालली होती तर धाकटीचे पाय आपोआप तिच्या मागे निघाले. चपला चिखलात कुठं रुतल्या होत्या त्या शोधायलाही ती थांबली नाही.

थोरली ऑक्टोपसाजवळच्या थांब्यावर बसली होती. धाकटी शेजारी बसली. आइस्क्रीमवाल्यानं दोघींकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. धाकटीनं म्हटलं, जाऊबाई, चला घरी, मासे दुसरीकडे हलवते. थोरली समुद्राकडे बघत राहिली. धाकटीनं म्हटलं, पाणी तापवून देते. थोरली म्हणाली, मला कुणाची सेवा नको. एवढ्यात बस आली. नेहमीसारखी रिकामी आली, ऑक्टोपसाला वळसा घालून उभी राहिली. थोरली चढली. धाकटीचं बोलणं अर्धं राहिलं होतं म्हणून तीही चढली, आणि ती तिला समजावत असतानाच बस सुटली. कंडक्टरनं दोघींना सीटवर वर्तमानपत्र अंथरून बसायला सांगितलं, आणि धाकटीच्या केसातून काहीतरी चांदीसारखं चमकतंय म्हणाला. तो माशाचा खवला होता. तिकीट थोरलीनं काढलं, दोघींचं.

मग थोरली खिडकीकडे बघत म्हणाली, ‘तू हसलीस.’

‘हो.’

‘फार हसलीस.’

‘तुम्ही कोबीवर बसला होतात, जाऊबाई.’

थोरलीनं ओठ घट्ट मिटले. खिडकीकडेच बघत होती, पण तिचे खांदे एकदा हलले. ते रडण्यानं की कशानं, हे धाकटीला मागून कळलं नाही.

थोरलीचा भाऊ आतल्या गावात भांड्यांचं दुकान चालवायचा, घर दुकानाच्या वर होतं. दार भावजयीनं उघडलं. तिनं आधी थोरलीकडे पाहिलं, मग बॅगेकडे, मग अनवाणी, वाळल्या चिखलानं माखलेल्या धाकटीकडे. आणि ती हसली. फार गोड हसली. आत बोलावलं, पण सतरंजी गुंडाळून बाजूला केली आणि स्टुलांवर बसवलं. चहा दिला. भाऊ दुकानात आहे म्हणाली, गर्दीची वेळ आहे. किती दिवसांचा बेत आहे असं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत सांगितलं की मागची खोली आता मालानं भरली आहे, पाय ठेवायला जागा नाही, नाहीतर तुम्हाला सोडलं असतं का. हे सगळं तशीच हसत हसत. थोरली कपातल्या चहाकडे बघत होती. मग तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली की आम्ही बाजाराला आलो होतो, सहज वर डोकावलो, आता परतीची बस गाठायची आहे. भावजयीनं फार आग्रह केला नाही.

बस सुटायला वेळ होता. दोघी बाजारातून हिंडल्या. धाकटी एरवी इथं कधी येत नसे, भाजी विकायला नवराच यायचा. थोरलीनं तिच्यासाठी रबरी चपलांचा जोड घेतला, घालून चालून दाखव म्हणाली, आणि बियांच्या दुकानासमोर उगाच रेंगाळली. कलिंगडाच्या बिया हातात घेऊन तिनं दुकानदाराला इतकं विचारलं की तो कंटाळला.

परतीच्या बसमध्ये ती आपणहून बोलायला लागली.

‘अशीच हसायचे मी,’ ती म्हणाली. ‘माणूस जरा मळकट दिसला की. मागे खोल्या रिकाम्या असायच्या. ‘क्षमा करा, आज सगळं भरलंय.’ माझ्याइतकं कुणाला जमायचं नाही ते.’

धाकटी म्हणाली, ‘तुमचं जास्त छान होतं.’

‘होतंच मुळी.’ थोरलीनं बियांची पुडी मांडीवर सरळ केली. ‘आणि मला माशांचा वास सहन होत नाही. लहानपणापासून. वाटणीच्या वेळी मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही तिकडे मातीत काम करायचात, मातीचा वास यायचा, आणि मी काठावर उभी. वरून सांगत होते ते काय हौस म्हणून?’

‘मग खाली यायचं होतं.’

‘बोलावलंस कधी?’

धाकटीनं विचार केला. बोलावलं नव्हतं. उलट मासे तिला आवडले होते. तिला त्यांच्यासाठी गोण्या ओढाव्या लागत नव्हत्या, ते आपले आपण वाढत होते. हे तिनं सांगितलं तेव्हा थोरली पहिल्यांदाच तिच्याकडे वळून बसली. बस चौकात येईपर्यंत तलावाची सगळी नवी मांडणी ठरली होती, आणि तिच्यात छत्रीचा कुठंही संबंध नव्हता.

दिवेलागणीच्या सुमारास दोघी लॉबीत शिरल्या. सोफ्यावर तिघं ओळीनं बसले होते, मध्ये म्हातारी आणि दोन बाजूंना दोन मुलगे, जसे पाहुणे येऊन बसलेत आणि कुणी त्यांची विचारपूस केलेली नाही. टेबलावर भाताचं पातेलं होतं. भात खाली करपला होता आणि वर कच्चा होता, ही किमया कुणाची यावरून तिघांत नुकतंच भांडण होऊन गेलं असावं. म्हातारीनं घसा साफ केला.

‘थोरला विचारतो,’ ती म्हणाली, ‘एवढा वेळ कुठं होतात.’

‘त्यांना तोंड आहे,’ थोरली म्हणाली.

थोरला उठून उभा राहिला. त्यानं बायकोकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. ‘टब रिकामा केलाय,’ तो म्हणाला. ‘घासलाय पण. दोनदा.’

थोरलीनं बॅग खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. भिंत पुन्हा बांधायची नाही. पूर्ण तलावात माती भरायची. खोल बाजूला आता गाळ आहेच, तिथं कलिंगडं लावायची, आणि ते तिचं काम. मासे वरच्या मजल्यावर टबांतच राहतील, ते धाकटीचं काम. पुरुषांनी इंजिन चालवायचं, पाणी वर चढवायचं आणि बाजारात जायचं. धाकटा म्हणाला, खोल बाजू भरायला किती माती लागेल ठाऊक आहे का. थोरला म्हणाला, वरच्या मजल्यावर पाणी चढवायचं म्हणजे काय गंमत आहे. मग थोरला धाकट्याला म्हणाला, तुझ्या भिंतीपायी हे झालं. धाकटा म्हणाला, तुझ्या पाण्यापायी. दोघांचे आवाज चढले आणि ते भांडत भांडत तलाव बघायला अंधारात बाहेर गेले. म्हातारी मान वळवून ऐकायचा प्रयत्न करत होती. ‘काय म्हणतोय तो?’ ती धाकटीला विचारत राहिली. ‘अगं, काय म्हणतोय?’ धाकटीनं तिच्यासाठी अंडी उकडायला ठेवली आणि ती खाईपर्यंत जवळ बसून राहिली. म्हातारीनं तिला गुडघ्याबद्दल सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, आणि ‘सोड की लेका’ ही हाक पार चौकापर्यंत ऐकू गेली. धाकटीनं ट्रॉली बाहेर काढली. थोरली आली ती नवऱ्याची जुनी विजार घालून आणि डोक्याला फडका बांधून. तिनं दोर खांद्यावर घेतला, धाकटी मागे गेली. चढाला लागल्यापासून थोरलीचं तोंड चालू झालं. दोर खुपतो, खडी टोचते, चाकांना तेल कसं घातलं नाही कुणी, आणि डावीकडून जाऊ या का. धाकटी ढकलत राहिली. तिच्या खांद्याला आज काही ओझं नव्हतं, म्हणून तिला सगळं ऐकून घेता येत होतं.

टेकडीच्या माथ्यावर थोरली एकदम थांबली. दमली असेल असं धाकटीला वाटलं. पण ती मागे वळून खाली बघत होती. इतक्या वर्षांत ती इथं कधी चढली नव्हती. खाली चिखलात अर्धे गाडलेले रस्ते, फुटक्या काचांच्या इमारतींची एक रांग, चौकात मुठीएवढा ऑक्टोपस, आणि त्यापुढे जिकडे तिकडे समुद्र.

‘एवढंसंच आहे होय,’ थोरली म्हणाली. ‘मला वाटायचं, आपण फार मोठ्या ठिकाणी राहतो.’

धाकटीनंही बघितलं. ती रोज बघायची, तिला त्यात नवीन काही दिसलं नाही.

‘ओढा, जाऊबाई,’ ती म्हणाली. ‘ऊन चढतंय.’